आधी आवाज, मग वाद्ये

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या वर्धापनदिनी 'घरच्या घरी ध्वनिमुद्रण' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. भाषणाचा मला सराव नाही. परंतु विषय आपल्याच फंडातून निघालेला आहे, म्हणून उभी राहिले. दिवाळीच्या फराळातून आणि उन्हाळ्यातील पापड-कुरडयांतून मंडळाने जी शिल्लक टाकली, तिच्यातून यंदा ध्वनिमुद्रणाचे साहित्य घ्यावे आणि आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची व भोंडल्याची गाणी, पाळणे हे सारे नीट जतन करावे, असे गेल्या सभेत ठरले. ठरले ते सर्वानुमते. मतभेद झाला तो पुढे. काहींचे म्हणणे पडले की, शेकडो वाद्ये असलेला मोठा कीबोर्ड आधी घ्यावा. काही म्हणाल्या, भारी साउंड कार्ड घ्यावे. आणि एक भगिनी सहज बोलून गेल्या की, "यंत्रात तबला-पेटी सगळेच येते, मग तबल्याच्या ताईंना दर वेळी कशाला तसदी?" ताई तेव्हा तेथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. म्हणून आज त्यांच्यासमोरच या प्रश्नाचा उलगडा व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

आपल्या भजनी पथकाची गाणी मी तीन वर्षे घरी मुद्रित करीत आहे. खोक्यांवरचे इंग्रजी मी भाच्याकडून समजावून घेतले. परंतु त्या इंग्रजीच्या पोटात जे गणित आहे, त्याला सातवीपर्यंतचे शिक्षण पुरून उरते, हे माझ्या अनुभवावरून सांगते. तेव्हा कोणीही "हे आपल्याला कसे जमणार?" असे मनात आणू नये.

प्रथम साउंड कार्ड म्हणजे काय ते पाहू. आपला आवाज म्हणजे हवेतली लाट. माईक त्या लाटेची वीज करतो. पण ती वीज फार अशक्त असते. साउंड कार्ड तिला बळ देते आणि मग भराभर तिची मापे घेऊन ती आकड्यांत लिहून ठेवते. एका सेकंदात किती मापे? सीडीसाठी ४४,१०० आणि चित्रफितीबरोबरच्या आवाजासाठी ४८,०००. प्रत्येक माप किती बारीक पट्टीने घ्यावयाचे, तेही ठरलेले असते. १६ बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात. २४ बिटांच्या पट्टीवर १,६७,७७,२१६. सुताराच्या एका पट्टीवर नुसत्या इंचाच्या खुणा असाव्यात आणि दुसरीवर सुताच्या असाव्यात, तसाच हा प्रकार. गाणे ऐकताना हेच काम उलट होते. आकड्यांची वीज होते आणि हेडफोनमधून ती पुन्हा हवेत जाते.

या बारीक पट्टीचा उपयोग कोठे होतो, ते स्वयंपाकघरातले उदाहरण देऊन सांगते. दूध तापविताना आपण पातेले काठोकाठ भरीत नाही. उतू जाण्यासाठी जागा ठेवतो. ध्वनिमुद्रणातही तसेच आहे. गाणारी बाई हळू आवाजात सुरुवात करते आणि रंगात आली म्हणजे तिचा आवाज चढतो. कार्डावरचे बटण आधीच पुढे केलेले असेल, तर त्या चढलेल्या सुराचे माथे कापले जाते आणि तेथे खरखर उमटते. ती मग कोणत्याही उपायाने पूर्ण जात नाही. २४ बिटांत आवाज थोडा कमी घेतला तरी बारीक खुणा शिल्लक राहतात; तो मागाहून मोठा करता येतो. म्हणून कार्ड २४ बिटांचे घ्यावे आणि लाल दिवा एकदाही लागणार नाही इतपत हात आखडता ठेवावा. आज बाजारातली बहुतेक साधी कार्डेसुद्धा २४ बिटांची असतात. त्यासाठी निराळे पैसे मोजावे लागत नाहीत.

आता कीबोर्ड की कार्ड, हा वाद का होतो, त्याच्या मुळाशी थोडा इतिहास आहे. वाद्याचा आवाज साठवून तो पट्टी दाबून वाजवावा, ही कल्पना जुनी. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा असे. पट्टी दाबली की त्या तुकड्यावर मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा बासरीचा सूर वाजे आणि सुमारे आठ सेकंदांत टेप संपे. पुढे १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे यंत्र झाले, त्यात टेपच्या जागी आकडे आले. अशा साठविलेल्या सुराला सॅम्पल म्हणतात. आपण नमुना म्हणू. मसाल्याच्या दुकानात नमुन्याची पुडी देतात, त्यातलाच हा शब्द.

संगणकाच्या पोटात बसवावयाची साउंड कार्डे घरोघरी झाली ती १९८९ च्या साउंड ब्लास्टरनंतर. १९९४ साली त्याच कंपनीचे एडब्ल्यूई ३२ हे कार्ड आले. आपल्या पसंतीच्या वाद्यांचे नमुने त्या कार्डावरच ठेवता येत. पण जागा किती? मूळ कार्डावर ५१२ केबी. हिशेब केला, तर सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज त्यात जेमतेम सहा सेकंद मावतो! त्या काळी कार्ड निवडणे म्हणजेच वाद्ये निवडणे होते. म्हणून "या कार्डात वाद्ये किती आहेत?" हा प्रश्न तेव्हा रास्त होता. आज तो प्रश्न उरलेला नाही. आता वाद्यांचे नमुने संगणकाच्या डिस्कवर आणि स्मरणात राहतात. एकेका वाद्याने कित्येक जीबी जागा घेतली तरी चालते. साउंड कार्डाकडे राहिले ते एकच काम, आवाज प्रामाणिकपणे आत घेणे आणि बाहेर देणे. दोन्ही खरेद्या आता निराळ्या झाल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे निम्मा वाद मिटतो.

राहिलेला निम्मा वाद 'आधी काय' याचा. तेथे माझे म्हणणे एवढेच आहे की, जे पुन्हा मिळणार नाही त्यावर आधी खर्च करावा.

पाहा, कीबोर्डवर मी एखादी चाल वाजविली, तर संगणकात वाद्याचा आवाज साठत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने दाबली, एवढीच टिपणे साठतात. जोर मोजण्याचे आकडे १ ते १२७. या टिपणांच्या पद्धतीला मिडी म्हणतात आणि ती १९८३ पासून चालत आली आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून ती ठरविली गेली. टिपणे हाती असली म्हणजे आज बासरीवर वाजलेली चाल उद्या सनईवर वाजविता येते, आणि पाच वर्षांनी अधिक चांगला नमुना निघाला तर तो लावता येतो. साधी वाद्ये आज घेतली म्हणून गाण्याचे कायमचे नुकसान होत नाही. आवाजाचे तसे नाही. माईकसमोर बसलेल्या बाईने म्हटले ते म्हटले. ते वाईट मुद्रित झाले, तर दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बसवावे लागते. आणि ती नसली, तर काहीच करता येत नाही.

हे मी कल्पनेने सांगत नाही. गेल्या श्रावणात आपल्यातून गेलेल्या थोरल्या आजी आपणा सर्वांना आठवतात. त्यांना पाठ असलेल्या ओव्या कोणी मोजल्या नाहीत. दळण संपे, पण ओवी संपत नसे. त्यांच्या घरच्या एका समारंभात त्यांनी गायिलेल्या ओव्यांचे मुद्रण घरच्यांकडे आहे. ते झाले मोबाइलवर. गाणे भरीव वाटावे म्हणून त्याच खोलीत मोठ्या स्पीकरवर तयार ठेका लावलेला होता. वर पंखाही होता. आज ते ऐकताना ठेका पुढे, पंखा त्याच्या मागे आणि आजी सर्वांत मागे. गाण्यातून आवाज आणि वाद्ये निरनिराळी काढणारी संगणकाची साधने आता निघाली आहेत. आजींच्या नातवाने ती वापरून पाहिली. आवाज पुष्कळसा सुटा झाला. पण गव्हाबरोबर ज्वारी दळली गेल्यावर चाळणी किती काम करणार? शब्दांच्या कडा गेल्या आहेत आणि कित्येक ओळी लागत नाहीत. ठेका मागाहून हजार वेळा लावता आला असता. आजींचा आवाज मात्र त्या दिवशीच घ्यावयाचा होता.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या; त्यांची संख्या लाखाच्या वर गेली, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि 'पारी' या संग्रहात आज त्या कोणालाही ऐकता येतात. लिहून घेतलेली ओवी वाचता येते. पण ती कोठे ओढावयाची, श्वास कोठे घ्यावयाचा, हे कागदावर उतरत नाही. ऐकलेल्या ओवीत ते सारे असते. आपल्या मंडळाचे काम त्या मानाने फार लहान आहे; पण आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांचे आवाज आपण नाही घ्यावयाचे, तर दुसरे कोण येऊन घेणार?

तेव्हा आता खरेदीकडे वळते. सोयीसाठी फंडातल्या प्रत्येक रुपयाचे सोळा आणे धरते.

पहिले सहा आणे माईकला. माईक दोन जातींचे. कंडेन्सर जातीचा माईक फार बारीक ऐकतो. त्याला कार्डाकडून ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते. डायनॅमिक माईकला ती लागत नाही आणि तो जवळचे तेवढे नीट ऐकतो. ज्याची खोली शांत, त्याने कंडेन्सर खुशाल घ्यावा. आपल्या घरांत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचे हॉर्न आणि भाजीवाल्याची आरोळी असते. कंडेन्सर माईक हे सारे मोठ्या भक्तिभावाने टिपून ठेवतो. म्हणून मंडळासाठी चांगला डायनॅमिक माईक घ्यावा आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका धरावा, असे माझे मत आहे. तिरका अशासाठी की 'प' आणि 'फ' म्हणताना सुटलेला वारा सरळ त्यावर आदळू नये.

दुसरे सहा आणे साउंड कार्डाला. आता हे कार्ड संगणकाच्या पोटात बसविण्याऐवजी डब्याएवढ्या खोक्यात मिळते आणि यूएसबीच्या तारेने जोडतात. दुकानात त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. संगणकाच्या पोटातली विजेची कुरकुर बाहेरच्या खोक्यात कमी येते, हा त्याचा फायदा. चार-पाच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत चांगली खोकी मिळतात. घेताना पाच गोष्टी पाहाव्यात.

एक, माईक लावण्याची दोन भोके हवीत. एकात गाणारी आणि दुसऱ्यात साथ, म्हणजे दोन्ही निराळ्या मुद्रित होतात. आठ भोकांचे खोके भजनी पथकाला मोहात पाडील. पण आठ माईक, आठ तारा आणि आठ स्टँड यांचा खर्च त्याच्या पाठोपाठ येतो.

दोन, ४८ व्होल्टचे बटण हवे. आज कंडेन्सर माईक नसला, तरी पुढे घ्यावासा वाटेल.

तीन, हेडफोनचे भोक आणि 'डायरेक्ट मॉनिटर' नावाची सोय हवी. याचे कारण नीट सांगते. आवाज संगणकात जाऊन परत कानी येईपर्यंत थोडा वेळ जातो. कार्ड मापांचे गठ्ठे करून पाठविते. २५६ मापांचा गठ्ठा असेल आणि सेकंदाला ४८,००० मापे असतील, तर एका गठ्ठ्याला सेकंदाचे सुमारे सव्वापाच सहस्रांश लागतात. जाताना तेवढे, येताना तेवढे, म्हणजे दहाच्या वर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा सहस्रांशांत तो सुमारे ११ फूट जातो. तबलजी ११ फुटांवर बसला म्हणून आपले गाणे अडत नाही. पण गठ्ठा १,०२४ मापांचा झाला, तर जाण्यायेण्याचे अंतर थेट ४५-५० फुटांचे होते. साथीदार देवळाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखा वाटतो आणि लय ओढली जाते. डायरेक्ट मॉनिटरमध्ये गाणारीचा आवाज संगणकाची वारी न करता थेट तिच्या कानी येतो. कीबोर्डवर नमुन्याची वाद्ये वाजविताना मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तो आवाज संगणकातच तयार होतो. तेथे गठ्ठा लहान करावा लागतो. विंडोजवर त्यासाठी कंपनीचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर असतो. स्टाइनबर्ग कंपनीने ही पद्धत १९९७ साली काढली. आपल्या संगणकावर तो ड्रायव्हर चालतो की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

चार, मोबाइलला जोडता येते का, तेही पाहावे. पुष्कळशी खोकी जोडता येतात. एखाद्या आजी अंथरुणाला खिळलेल्या असतील, तर संगणक उचलून नेण्यापेक्षा हे सोपे.

पाच, बटणे हाताने फिरविण्याची असावीत. चष्मा शोधून पडद्यावर बोट फिरविण्यापेक्षा ते बरे.

तिसरे दोन आणे कान झाकणाऱ्या हेडफोनला. उघडे हेडफोन घेतले, तर कानातली पेटी माईकमध्ये शिरते आणि पुन्हा गव्हात ज्वारी. चौथे दोन आणे तारा, स्टँड आणि दोन पेन ड्राइव्ह यांना. झाले सोळा आणे. मुद्रण करण्यासाठी लागणारा ऑडॅसिटी हा कार्यक्रम फुकट मिळतो. तो २००० सालापासून लोकांच्या वापरात आहे.

आपण म्हणाल, खोलीचे काय? खोलीला पैसे लागत नाहीत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असले की घुमणे निम्म्यावर येते. गाणारीच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्यात. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. आणि फ्रिज पुन्हा लावण्याची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली त्यातच ठेवावी! चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू आली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि तिचीच ती गुणगुण असते.

"मग नमुन्याच्या वाद्यांना एक आणाही नाही?" असे कोणी विचारील. आरंभी नाही. त्याची कारणे दोन. पहिले कारण, फुकटात पुष्कळ मिळते. साउंडफाँट नावाच्या जुन्या पद्धतीच्या नमुन्यांचे असंख्य संच आजही चालतात. डिसेंट सॅम्पलरसारखे नवे वाजविणारे कार्यक्रमही विनामूल्य आहेत. संच उतरविताना त्याबरोबरचा परवाना तेवढा वाचावा. आपल्या गाण्यात वापरावयास हरकत नाही, पण नमुनेच जसेच्या तसे विकू नयेत, अशी अट बहुधा असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्या वाद्यांच्या बाबतीत हे नमुने कोठे पुरतात आणि कोठे तोकडे पडतात, ते आधी कळले पाहिजे.

१९९१ साली सर्व कंपन्यांसाठी १२८ वाद्यांची एक यादी ठरविली गेली. साध्या कीबोर्डवर जी वाद्ये दिसतात, ती बहुधा याच यादीतली. तिच्यात सतार आहे, सनई आहे. आपल्या संगीत नाटकांत वाजे त्या पायपेटीच्या जातीचा ऑर्गनही आहे. पण तबला नाही, तंबोरा नाही, हातपेटी नाही आणि टाळ-मृदंगही नाहीत. म्हणजे दुकानदार "शेकडो वाद्ये आहेत" म्हणतो ते खरेच असते. आपल्या भजनाला लागतात ती त्यांत आहेत का, हे आपणच विचारले पाहिजे. आपल्याकडच्या वाद्यांचे नमुने करणाऱ्या निराळ्या कंपन्या आहेत आणि मोबाइलवर तबला-तंबोऱ्याची चांगली साधनेही आहेत.

तंबोऱ्याला नमुना छान पुरतो. तंबोरा एकाच वळणाने सतत वाजत राहतो. जवारी लावलेल्या चांगल्या तंबोऱ्याचा नमुना असला म्हणजे काम भागते. फक्त तो आपल्या सुराच्या जवळपास मुद्रित केलेला असावा. पांढरी एकचा नमुना ओढून काळी चारला नेला, तर तो किरटा लागतो. आणि ज्या घरी खरा तंबोरा आहे, त्या घराने तो माळ्यावरून खाली काढावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या भोपळ्यांतल्या नादासाठीच.

पेटीचे नमुनेही पुष्कळसे पुरतात. फक्त एक सांभाळावे. संगणकाची वाद्ये 'ध' ४४० या मापाला लावलेली असतात. जुनी पेटी त्या मापाला असेलच असे नाही. दोन्ही एकत्र वाजविताना पेटी बदलता येत नाही, म्हणून संगणकातला सूर पेटीशी मिळवून घ्यावा. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत शंभर पायऱ्या केलेल्या असतात. पाच-दहा पायऱ्या वरखाली केल्या की सूर जुळतो.

आता तबला. एकेका बोलाचे नमुने घेतलेले असतात. चांगल्या संचात एकच बोल हलका, मध्यम, जोरकस असा अनेकदा घेतलेला असतो, म्हणजे 'ना ना ना' म्हणताना तोच आवाज पुनःपुन्हा कानावर आपटत नाही. ठेका धरून रियाज करावयास हे उत्तम. पण डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात, तो दोन बोलांच्या मधल्या जागेत असतो, आणि नमुना असतो तो बोलाचा. शिवाय आपले भजन एका लयीत कधी चालते? आरंभी संथ, मग चढत चढत जाते, आणि एखादी बाई ओळ पुन्हा घेते तेव्हा तबला थांबून तिची वाट पाहतो. यंत्राला ठराविक लय आधी सांगावी लागते. आपल्या ताई गाणारीच्या तोंडाकडे पाहून वाजवितात. तेव्हा यंत्राचा तबला ताईंची गैरसोय टाळण्यास उपयोगी पडेल. त्या आजारी असल्या, माहेरी गेल्या, तर आपला सराव अडणार नाही. त्यांची जागा मात्र तो घेणार नाही. मुद्रणाच्या दिवशी दुसरा माईक ताईंचा, असे मी आत्ताच सांगून ठेवते.

आणि ओव्यांना तर साथ लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओवीला जात्याची घरघर हीच साथ. ज्यांच्या घरी जाते आहे, त्यांनी ते धुऊनपुसून ठेवावे. दुसऱ्या माईकने तेही मुद्रित करू.

एक सूचना करते आणि संपविते. मंडळाच्या जुन्या पेटीला साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीचा सूर एकदा हलका आणि एकदा भरून, दहा-दहा सेकंद घेतला, तर ८४ सूर होतात. सारे मिळून १४ मिनिटे. भाता सारखा ठेवून एक दुपार बसलो, तर आपल्याच पेटीचे नमुन्याचे वाद्य तयार होईल. ताईंनी मनावर घेतले, तर त्यांच्या बोलांचेही होईल. पेटीच्या पट्ट्या उद्या निकामी झाल्या, तरी तिचा सूर मंडळाकडे राहील. पण हे काम दुसरे. पहिले काम आवाजांचे.

त्याचाही हिशेब सोपा आहे. २४ बिटांत, सेकंदाला ४८,००० मापांनी घेतलेला एकेरी आवाज तासाला सुमारे ५२० एमबी जागा घेतो. ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये असे शंभराहून अधिक तास मावतात. मुद्रण दाबून लहान न करता मूळ स्वरूपात ठेवावे. एक प्रत मंडळात, एक गाणारीच्या घरी आणि एक तिसऱ्या ठिकाणी. सोबत वहीत नाव, माहेर, सासर, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकल्या ते लिहावे. आणि हे कोणाला ऐकवावयाचे, कोणाला नाही, हे त्या बाईंना विचारून त्यांच्या शब्दांत लिहावे. ओवीत पुष्कळदा सासरचे दुःख असते. ते गावभर करण्याचा अधिकार तिचा, आपला नव्हे.

माझ्याकडचे कार्ड आणि माईक मंडळाची खरेदी होईपर्यंत मंडळाचेच समजावेत. गुरुवारी दुपारी दोन ते चार आमच्या आळीत सामसूम असते. ज्यांच्या घरी आजी, आत्या, मावशी कोणी जुनी गाणी म्हणणाऱ्या आहेत, त्यांनी त्यांना घेऊन यावे. ज्यांना चालवत नाही, त्यांच्याकडे मी व ताई येऊ. चिटणीसबाईंच्या वहीत आजच नावे द्यावीत. सर्वांत वयस्कर बाईंचा नंबर पहिला लावू.